टोरंटो, शेल्टन आणि बाबांच्या वहीतली फुली

२०२५ च्या जुलैमध्ये दोन-तीन दिवसांत टेनिसच्या एकामागून एक बातम्या आल्या. सिनर टोरंटोला खेळणार नाही. जोकोविच नाही. ड्रेपर नाही. मग अल्काराझ पण नाही. मी ऑफिसमधून घरी येता येता फोनवर वाचत होते आणि प्रत्येक नावाबरोबर पोटात कसंतरी होत होतं, कारण कॅनडाच्या या स्पर्धेची मी विम्बल्डन संपल्या दिवसापासून वाट बघून राहिले होते. घरी आल्यावर बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "मग राहिलं काय त्यात?" आणि उठून कपाटातून वही काढली, "कॅनडा २०२५" असं लिहिलं आणि पुढे लाल पेनानं फुली मारून टाकली. ड्रॉसुद्धा, म्हणजे कोण कोणाशी खेळणार ती यादी, निघाला नव्हता अजून.

या वहीबद्दल आधी सांगायला पाहिजे. बाबा आता ७३ वर्षांचे आहेत, सगळी नोकरी सरकारी आणि सगळी इंदूरातच, आणि टेनिस कधी हातात रॅकेट घेऊन खेळले नाहीत. पण कॉलेजात असल्यापासून ते वहीत टेनिसचे निकाल लिहितात. एका वर्षाला एक-दोन पानं. स्पर्धेचं नाव, कोण जिंकलं, कोणाला हरवून, सेटचा स्कोअर. आधी पेपरमधून, मग दूरदर्शनवर विम्बल्डन दिसायला लागलं तेव्हा टीव्हीवरून, आता माझ्या फोनवरून. आतापर्यंत चार वह्या झाल्या, चारही जाड पुठ्ठ्याच्या, लोकमान्य नगरच्या घरात रंगकाम झालं तरी त्यांची जागा बदलली नाही. आणि ज्या स्पर्धेत मोठी नावं नव्हती तिच्यापुढे बाबा फुली मारतात. म्हणजे झाली, पण खरी नाही झाली. यावरून आमच्या घरात किती वर्षं वाद चालू आहे ते आईला विचारा, तिला टेनिसमधलं काही कळत नाही पण ही फुली चांगली माहीत आहे.

मला बाबांचं दुःख कळतं, मी पण जोकोविचची फॅन आहे त्यांच्यामुळेच. पण जोकोविच तर २०१८ नंतर कॅनडात खेळलाच नाहीये. त्याला मांडीच्या वर दुखापत होती यावेळी, ड्रेपरचा हात दुखावलेला, सिनर आणि अल्काराझला विश्रांती पाहिजे होती. आणि त्या दोघांना कोण काय म्हणणार. ८ जूनला पॅरिसला फ्रेंच ओपनच्या फायनलला दोघं ५ तास २९ मिनिटं खेळले, सिनरकडे तीन मॅच पॉइंट होते आणि अल्काराझनं ती मॅच काढली, मग १३ जुलैला विम्बल्डनची फायनल पुन्हा तेच दोघं, तिथे सिनर जिंकला. आणि टोरंटो सुरू २७ जुलैला. मध्ये बरोबर दोन आठवडे. त्यात गवतावरून हार्ड कोर्टवर यायचं, म्हणजे पायांना, गुडघ्यांना सगळं नव्यानं सवयीचं करायचं.

माझा राग आहे तो कॅलेंडरवर आहे आणि तो मी इथे नीट लिहिणार आहे. पूर्वी कॅनडा एक आठवडा, अमेरिकेतली सिनसिनाटी एक आठवडा, मग थोडं थांबून यूएस ओपन, असं असायचं. २०२३ मध्ये विम्बल्डनची फायनल आणि कॅनडाची सुरुवात यात तीन आठवडे होते. २०२५ पासून कॅनडा आणि सिनसिनाटी दोन्ही बारा-बारा दिवसांच्या केल्या, ड्रॉ ५६ च्या जागी ९६ जणांचा, ३२ मानांकितांना पहिल्या राउंडला बाय, म्हणजे न खेळताच पुढे. नऊ मास्टर्सपैकी, म्हणजे ग्रँड स्लॅमच्या खालोखालच्या मोठ्या स्पर्धांपैकी, आता सात अशा झाल्यात, फक्त माँटे कार्लो आणि पॅरिस एका आठवड्यात आटपतात. आता बारा दिवस दोनदा बसवायचे तर स्पर्धा अलीकडे ओढावीच लागणार, आणि अलीकडे ओढली की ती विम्बल्डनच्या पाठीला येऊन चिकटणार. जो दोन्हीकडे शेवटपर्यंत खेळला तो २७ जुलैपासून १८ ऑगस्टपर्यंत घराबाहेर, आणि २४ ऑगस्टला यूएस ओपन सुरू, ती पण आता पंधरा दिवसांची. अल्काराझनं २०२४ मध्येच उघडपणे सांगितलं होतं की इतक्या स्पर्धा सक्तीच्या केल्या तर आमचा जीव जाईल. या स्पर्धा सक्तीच्या आहेत, नाही खेळलं तर रँकिंगमध्ये शून्य मोजतात, बोनसचे पैसे जातात, फक्त जास्त वयाच्या आणि खूप मॅचेस झालेल्या खेळाडूंना थोडी सूट मिळते. एवढं असूनसुद्धा पहिल्या दोन नंबरचे दोघंही येत नाहीत म्हणजे ते किती थकलेले असतील ते समजून घ्यायला पाहिजे. जास्त दिवस म्हणजे जास्त तिकिटं, हे गणित मला कळतं, पण ज्यांना बघायला लोक तिकीट काढतात तेच येऊ शकत नसतील तर त्या जास्तीच्या दिवसांचं काय करायचं.

माझी मावसबहीण टोरंटोजवळ मिसिसागाला असते, तिनं कितीतरी महिने आधी तिकिटं काढली होती, तिच्या दहा वर्षांच्या मुलाला अल्काराझ दाखवायचा म्हणून. त्याच्याकडे अल्काराझसारखा बिनबाह्यांचा टी-शर्ट पण आहे. बातमी आली त्या दिवशी तिचा फोन आला तेव्हा मागे तो रडत होता ते मला ऐकू येत होतं. मला खूप वाईट वाटलं, अशा वेळी काय सांगणार त्या पोराला. मी एवढंच म्हटलं की ताई, तू जा, त्याला घेऊन जा, आणि तो डावखुरा अमेरिकन शेल्टन असेल त्या दिवशी तर त्याची सर्व्हिस जवळून बघा. त्यांना शेल्टन आणि कोबोलीची मॅच मिळाली. तिसऱ्या सेटच्या टायब्रेकपर्यंत, म्हणजे बरोबरी झाल्यावर सेटचा निकाल लावणाऱ्या गेमपर्यंत गेली. रात्री तिचा मेसेज आला की पोरगा गाडीत झोपलाय आणि झोपण्याआधी डाव्या हातानं सर्व्हिस करून दाखवत होता, हा तर उजव्या हातानं जेवतो.

इकडे बाबा काही बघायला तयार नव्हते. मी सकाळी चहा करता करता हायलाइट्स लावायचे आणि ते पेपर वाचायचे. झ्वेरेव पहिला मानांकित, फ्रिट्झ दुसरा, असं मी मुद्दाम मोठ्यानं सांगायचे. काही नाही. एकदा म्हणाले, "अगं, राजा नसलेल्या दरबारात प्रधान कोण याला काय अर्थ आहे."

यावर मी त्यांना रणजी आठवून दिली, आणि ही गोष्ट जरा सविस्तर सांगते कारण इंदूरच्या माणसाला ती लगेच कळेल. २६ जून २०२२. रविवार. बंगलोरला मध्य प्रदेशनं मुंबईला सहा विकेटनं हरवून रणजी जिंकली. मध्य प्रदेश म्हणून पहिल्यांदा, त्याआधी चार होत्या त्या होळकर संघाच्या, सी. के. नायडू आणि मुश्ताक अलींच्या काळातल्या. त्या दिवशी आमच्या घरात काय झालं होतं ते मला अजून दिसतं. यश दुबे १३३, शुभम शर्मा ११६, रजत पाटीदार १२२, बाबांना हे आकडे अजून पाठ आहेत. चंद्रकांत पंडित कोच, ज्यांच्या कॅप्टनशिपमध्ये १९९८-९९ ला याच मैदानावर आपण फायनल हरलो होतो. शेवटचा रन झाल्यावर पंडित मैदानावर रडले तेव्हा बाबांचे पण डोळे भरले, आणि आईनं कोणाला न विचारता शिरा केला. आणि त्या टीममध्ये आपला आवेश खान नव्हता, व्यंकटेश अय्यर नव्हता. दोघंही इंदूरचे, दोघंही तेव्हा भारतीय संघाबरोबर आयर्लंडला. रात्री मुंबईच्या चुलतभावाचा फोन आला, म्हणाला आमचा रोहित नव्हता, श्रेयस नव्हता, सूर्या नव्हता, म्हणून जिंकलात. तर बाबा त्याला काय म्हणाले असतील? म्हणाले, "जे आले ते खेळले. स्कोअरबोर्ड बघ." आणि फोन ठेवला.

मी बाबांना म्हटलं, हेच वाक्य टोरंटोला का नाही लागू होत. तर म्हणाले, "ते वेगळं आहे." काय वेगळं आहे ते काही त्यांनी सांगितलं नाही, पण ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं, कारण खरंच काहीतरी वेगळं होतं आणि ते मला सापडत नव्हतं.

मग एका रात्री, सेमीफायनलच्या आदल्या दिवशी, मी चारही वह्या काढून बसले. फक्त फुल्या शोधत होते. २००२ ची ऑस्ट्रेलियन ओपन, थॉमस योहान्सन जिंकला साफिनला हरवून, अगासी मनगटामुळे खेळला नव्हता. फुली. २०२० ची यूएस ओपन, नदाल नाही, फेडरर नाही, जोकोविचला मध्येच अपात्र ठरवून बाहेर काढलं, थीम जिंकला. मोठी फुली. २०२३ चं टोरंटो, सिनर जिंकला डी मिनॉरला हरवून, जोकोविच नव्हता. फुली. २०२४ चं माँट्रियल, ऑलिम्पिकनंतर जोकोविच आणि अल्काराझ दोघंही आले नव्हते, पॉपिरिन जिंकला. फुली. बरं आता हे बघा की ज्या सिनरच्या नावापुढे फुली आहे त्याची ती आयुष्यातली पहिली मास्टर्स होती, आणि पाच महिन्यांनी त्यानं ऑस्ट्रेलियन ओपनच्या सेमीफायनलला जोकोविचलाच हरवलं आणि मग स्पर्धाही जिंकली. आज ज्याच्याशिवाय स्पर्धा फिकी वाटते तो त्या दिवशी फुलीवाला होता. आणि पॉपिरिननं माँट्रियल जिंकल्यावर तीन आठवड्यांच्या आत यूएस ओपनमध्ये जोकोविचला बाहेर काढलं, त्या दिवशी बाबा जेवले नव्हते नीट.

आणि २०२२ चं विम्बल्डन, तिथे फुली नाही. त्या वर्षी रशिया आणि बेलारूसच्या खेळाडूंना येऊ दिलं नव्हतं, म्हणजे तेव्हाचा पहिल्या नंबरचा मेदवेदेव बाहेर, रुब्लेव बाहेर, एटीपीनं, म्हणजे पुरुष टेनिसच्या संघटनेनं, रँकिंगचे पॉइंटसुद्धा दिले नाहीत. पण जोकोविच जिंकला. मी मनात म्हटलं, बाबा, पकडले तुम्हाला.

पण मग मी पहिली वही उघडली. पहिलं पान मी आधी कधी नीट बघितलंच नव्हतं, शाई फिकी झालीये आणि पेपरचं एक कात्रण चिकटवलेलं आहे ते पिवळं पडून कडा सुटल्यात. विम्बल्डन १९७३. टेनिसचा इतिहास ज्यांना माहीत आहे त्यांना कळलं असेल. युगोस्लाव्हियाच्या निकोला पिलिचवर बंदी घातली म्हणून त्या वर्षी ८१ खेळाडूंनी बहिष्कार टाकला, १६ पैकी १३ मानांकित आलेच नाहीत, आदल्या वर्षीचा विजेता स्टॅन स्मिथ नाही, न्यूकोम नाही, रोजवॉल नाही. टेनिसमध्ये मोठ्या नावांशिवाय झालेली याच्याएवढी मोठी स्पर्धा मला तरी दुसरी माहीत नाही. यान कोदेस जिंकला, मेत्रेवेलीला हरवून, ६-१, ९-८, ६-३. बाबांच्या हिशोबानं तर या पानावर फुलीच फुली पाहिजे. एक पण नाही. उलट खाली हिरव्या शाईत एक मॅच वेगळी लिहिलीये आणि तिच्याभोवती चौकट आहे. क्वार्टर फायनल, कोदेस विरुद्ध विजय अमृतराज, ६-४, ३-६, ४-६, ६-३, ७-५. विजय तेव्हा १९ वर्षांचा होता. बाबा एकवीसचे.

मी वही तशीच उघडी घेऊन बाबांकडे गेले. ते दिवाणावर पडले होते, चष्मा काढून. मी विचारलं, बाबा, इथे फुली का नाही? त्यांनी वही हातात घेतली, चष्मा लावला, बराच वेळ बघत राहिले. मग बोलायला लागले. त्या वर्षी सकाळी पेपर आला की ते सायकलवरून राजवाड्यापर्यंत जायचे कारण तिथे एक ओळखीचे दुकानदार होते त्यांच्याकडे रेडिओ होता आणि इंग्रजी पेपर पण यायचा, आणि विजयच्या प्रत्येक मॅचची बातमी ते तिथे उभं राहून वाचायचे. पाचव्या सेटला ७-५ नं गेला हे कळल्यावर दिवसभर कोणाशी बोलले नाहीत. त्याच वर्षी यूएस ओपनला विजयनं रॉड लेव्हरला हरवलं आणि क्वार्टर फायनलला गेला, आणि तो कोदेस तर सगळे मोठे परत आल्यावर तिथे फायनलपर्यंत गेला, सेमीला स्टॅन स्मिथलाच हरवलं आणि फायनलला न्यूकोमशी पाच सेट खेळला. "तर विम्बल्डन त्यानं फुकट नव्हतं नेलं," बाबा म्हणाले. हे ते मला सांगत होते! मी काही बोलले नाही.

आणि मग मला एकदम पुणं आठवलं. २०२३ च्या जानेवारीत मी आणि बाबा रात्रीच्या बसनं पुण्याला गेलो होतो, बालेवाडीला महाराष्ट्र ओपन बघायला. बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा एटीपीची मॅच डोळ्यांनी बघितली. २०१४ चा यूएस ओपन विजेता मारिन चिलिच पहिला मानांकित होता आणि आम्ही क्वार्टर फायनलचं तिकीट काढलं होतं त्याच्यासाठी. गुडघा दुखावला म्हणून त्याला माघार घ्यावी लागली. बाबा आत्याच्या घरी गप्प बसून होते. पण फायनलपर्यंत राहिलो आम्ही, आणि ज्याला चिलिचच्या जागी पुढे चाल मिळाली तो नेदरलँड्सचा टॅलन ग्रीकस्पूर फायनलला आला, बाँझी विरुद्ध. पहिला सेट हरला ४-६. मग ७-५, ६-३. आम्ही बेसलाइनच्या मागे खालच्या रांगेत होतो. टीव्हीवर बॉल वरून दिसतो म्हणून तो सावकाश वाटतो, तिथे बसल्यावर बॉल नेटवरून केवढ्या जवळून जातो आणि पडल्यावर कसा उसळून खांद्यापर्यंत येतो ते दिसतं, बुटांचा कोर्टवर घासल्याचा आवाज येतो, प्रत्येक फटक्याबरोबर खेळाडूच्या तोंडून निघणारा श्वास ऐकू येतो. बाबा दोन तास एक शब्द बोलले नाहीत. ग्रीकस्पूरचं ते पहिलं एटीपी जेतेपद होतं. त्या पानावर तिकीट चिकटवलंय आणि फुली नाही. तेव्हापासून ग्रीकस्पूर आमच्या घरचा झालाय, २०२५ च्या मार्चमध्ये त्यानं इंडियन वेल्सला झ्वेरेवला हरवलं तेव्हा बाबांनी मला झोपेतून उठवून सांगितलं होतं.

मग मी एक-एक फुली घेऊन विचारायला लागले. २००२ ची योहान्सनची फायनल बघितली होती का? नाही, मावशीकडे लग्न होतं. थीमची? पहिले दोन सेट झ्वेरेवनं घेतले आणि बाबा झोपायला गेले, रात्रीचे तीन वाजले होते. थीम मग तिथून परत आला, पाचव्या सेटच्या टायब्रेकला जिंकला, आणि बाबांनी सकाळी नुसता स्कोअर वाचला. २०२३ चा सिनर? नाही. पॉपिरिन? नाही. आणि ज्यांच्यापुढे फुली नाही त्या सगळ्या बघितलेल्या, किंवा १९७३ सारख्या राजवाड्याला उभं राहून वाचलेल्या. रणजीचं पण तेच, पाचही दिवस बाबा टीव्हीसमोरून हलले नव्हते. मी हे म्हटल्यावर बाबा वही मिटून म्हणाले, "झोप आता, उशीर झाला." पण वही त्यांनी कपाटात ठेवली नाही, उशाशी ठेवली.

(इथे एक मध्येच सांगते. आपल्या इंदूरला आयटीएफच्या (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या) १५ हजार डॉलरवाल्या छोट्या स्पर्धा होतात, तिथे जाऊन बघा एकदा. पाचशे-सहाशे रँकिंगची मुलं, दोघंजण एक खोली वाटून घेतात, मॅच हरल्यावर स्वतःची बॅग स्वतः उचलून रिक्षा शोधतात. मी एका मुलाला बघितलं होतं, उन्हात तिसरा सेट, ग्रिप इतकी ओली झाली होती की प्रत्येक चेंजओव्हरला तो बाकाखालच्या पुठ्ठ्याच्या खोक्यातला लाकडाचा भुसा हाताला चोळत होता. त्याच्या मॅचला आम्ही अकरा जण होतो. तिथे कोण आलं नाही याचा विचार डोक्यात येतच नाही.)

सेमीफायनलला शेल्टननं फ्रिट्झला सरळ ६-४, ६-३ हरवलं. दुसरीकडे खाचानोवनं झ्वेरेवला, एक मॅच पॉइंट वाचवून, तिसऱ्या सेटच्या टायब्रेकला. मी नेहमीसारखं चहाच्या वेळी मोठ्यानं सांगितलं. आणि बाबांनी पेपर खाली केला. "खाचानोव? हा तोच ना, ज्यानं २०१८ ला पॅरिसला आपल्याला हरवलं?" तोच. पॅरिस मास्टर्सची फायनल, जोकोविच विरुद्ध, ७-५, ६-४. त्यानंतर त्याला एकही मास्टर्स मिळालेली नाही, सात वर्षं झाली. बाबा म्हणाले, "म्हणजे सात वर्षांनी आलाय." आणि मग, "किती वाजता आहे?"

८ ऑगस्टची पहाट, शुक्रवार, दुसऱ्या दिवशी राखी. बाहेर पाऊस भुरभुर चालू होता. मी उठून बाहेर आले तर बाबा आधीच खुर्चीत, अंगावर शाल, आणि टीव्ही कसा लावायचा ते कळत नाही म्हणून रिमोट हातात धरून नुसते बसलेले. मला इतकं भरून आलं ना, काय सांगू.

पहिला सेट खाचानोवनं टायब्रेकला घेतला, ७-५ नं. खाचानोव उंच, बॉल इतका जोरात मारतो की बाबा प्रत्येक फोरहँडला "बाप रे" म्हणत होते, आणि माझ्या लक्षात आलं की ते त्याच्या बाजूनं आहेत, ज्यानं आपल्याला हरवलं त्याच्याच बाजूनं, कारण तो जिंकला तर जोकोविच कोणा साध्यासुध्याशी हरला नव्हता हे पुन्हा सिद्ध होईल. मी शेल्टनकडे. शेल्टन २२ वर्षांचा, वडील ब्रायन शेल्टन स्वतः प्रोफेशनल खेळलेले, विम्बल्डनच्या चौथ्या राउंडपर्यंत गेलेले, आता मुलाचे कोच. बाबांना ते कळलं तेव्हापासून ते प्रत्येक वेळी कॅमेरा वडिलांवर गेला की बॉल सोडून त्यांच्याकडे बघायचे. दुसरा सेट शेल्टन ६-४.

तिसऱ्या सेटपर्यंत चांगलं उजाडलं होतं. आईनं पोहे टाकले होते, वर शेव, जीरावण, बशी बाबांच्या मांडीवर तशीच. कोणीच कोणाला सोडत नव्हतं. आणि टायब्रेक सुरू होतो न होतो तोच खाली कचरागाडीचं गाणं वाजायला लागलं. आमच्याकडे डबे बाबाच नेतात, रोज, ओला वेगळा सुका वेगळा, गाडीवाल्याशी दोन शब्द बोलल्याशिवाय परत येत नाहीत, ताप असला तरी जातात. ते गाणं जवळ आलं, आमच्या गेटसमोर थांबलं, पुढे गेलं. बाबा हलले नाहीत. आईनं आतून दोनदा हाक मारली. "जाऊ दे आजच्या दिवस," ते म्हणाले, डोळे टीव्हीवर.

शेल्टन ७-३. त्याची पहिली मास्टर्स. २००४ ला रॉडिकनं मायामी जिंकली त्यानंतर एवढ्या लहान वयात मास्टर्स जिंकणारा पहिला अमेरिकन. मी उड्या मारत होते. बाबा शांत होते, त्यांना खाचानोवचं वाईट वाटत होतं, तो टॉवेल डोक्यावर घेऊन बसला होता आणि बाबा म्हणाले, "याला पण कोणीतरी सांगायला पाहिजे की चांगला खेळलास." मग पोहे खाल्ले, गार झालेले, सगळे.

मिसिसागाहून व्हिडिओ आला तेवढ्यात. तो छोटा रात्री इतक्या उशिरापर्यंत जागा, सोफ्यावर उभा, डाव्या हातात प्लास्टिकचं बॅट. अंगात तोच अल्काराझचा बिनबाह्यांचा टी-शर्ट.

त्यानंतर सिनसिनाटी सुरू झाली, अल्काराझ होता, सिनर होता, जोकोविच तिथेही नव्हता. बाबांना ते माहीत होतं आणि यावेळी त्यांनी वही आधी काढली नाही. पण फायनलच्या त्या शुक्रवारी दुपारी जेवण झाल्यावर काढली होती. लाल फुलीची ती ओळ तशीच आहे, पुढे काही लिहिलेलं नाही. तिच्या खाली त्यांनी नव्यानं ओळ लिहिली, सावकाश, अक्षर आता थरथरतं त्यांचं. कॅनडा २०२५, टोरंटो. शेल्टन वि. खाचानोव, ६-७, ६-४, ७-६. पुढे काही नाही. मी थीमच्या फुलीबद्दल विचारलं तर म्हणाले, ती मॅच कुठे पूर्ण बघायला मिळत असेल तर लाव एखाद्या दिवशी, मग बघू. पाच सेटची आहे ती, चार तासांची, रविवारी दुपारी लावणार आहे.